वजनापुढची रिकामी जागा

३ मार्च, सोमवार

दादा,

हसू नकोस, पण मी पुन्हा नाणी जमवायला लागले आहे. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घासून चकचकीत करते आणि घरी येऊन डोळ्याला भिंग लावून तांब्याच्या तुकड्यावरचं साल वाचत बसते. नऊ वर्षांत तुला चारदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून पत्र. पत्ता आईच्या वहीतला आहे. तू तिथे राहत नसशील तर कुणा परक्या माणसाला आमच्या घरचं सगळं फुकटात वाचायला मिळेल, मिळो बापडं.

हे सगळं बाबांच्या डोळ्यांमुळे सुरू झालं. त्यांना आता मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानामागे बघतात. डॉक्टर म्हणतात, यापुढे सुधारणा नाही. तेव्हा बाबांनी ठरवलं की सगळा संग्रह नाणेसंग्राहक मंडळाला देऊन टाकायचा. त्यासाठी यादी हवी. यादी करायला डोळे हवेत. डोळे माझे.

तुला ती पाकिटं आठवतात ना? प्रत्येक नाण्याला एक छोटं कागदी पाकीट, त्यावर बाबांचं अक्षर : धातू, साल, वजन, कुठे मिळालं, आणि सगळ्यात खाली 'तपासले' आणि सही. जन्मभर वजनमापं खात्यात निरीक्षक होते, घरातसुद्धा सही केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी एकेक पाकीट वाचत होते आणि ते मान हलवत होते. लहानपणी मला ती पाकिटं उघडायची परवानगी नव्हती. तू बाबांच्या शेजारी टेबलाशी बसायचास आणि मी तुझ्या खुर्चीच्या पाठीला लोंबकळायचे. आता तीच पाकिटं माझ्या हातात, तीही एकामागून एक. दहाव्या पाकिटापर्यंत मी पुरती नादी लागले होते.

शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असते. एका नाणेवाल्याच्या दुकानात गेले. ते गळ्यात दोरीने भिंग अडकवून बसतात, म्हणून मी त्यांना भिंगवाले म्हणते. पहिलं नाणं घेतलं : तांब्याचं, एका बाजूला पक्षी, पक्ष्याचं डोकं झिजून गेलेलं. त्यांनी ते कागदात गुंडाळताना सांगितलं, "ताई, नवीन आहात म्हणून एकच गोष्ट सांगतो. घासायचं नाही. काळं असेल तर काळंच राहू द्यायचं. तो काळा थर म्हणजे नाण्याची कातडी असते." मी म्हटलं, माहीत आहे.

नाण्यांसाठी नवीन वही आणली, पारदर्शक खिशांची. आपण नाणी ठेवायचो तो बिस्किटांचा जुना डबा माळ्यावर आहे, तो काही काढला नाही. वेळ झाला नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. दोनशे बारावं पाकीट जहाजाच्या नाण्याचं आहे. त्यावर बाबांनी 'बनावट' लिहिलंय. २३ मार्चला, रविवारी, मंडळाचा कार्यक्रम आहे. सभागृह तेच, तेव्हाच्या प्रदर्शनाचं. तेही नाणं बाबा देणार आहेत. काचेच्या पेटीत कार्डासह ठेवायचं, नव्या लोकांना बनावट नाणं ओळखता यावं म्हणून. आणि ते कसं घरात आलं, अस्सल कसं गेलं, हे ते व्यासपीठावरून सांगणार आहेत. तुझं नाव घेणार नाहीत. 'माझा मुलगा' म्हणणार. पण मुलगा त्यांना एकच आहे आणि ऐकायला येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांनी तुला अर्ध्या चड्डीत पाहिलंय.

मला वाटलं, तुला कळवावं. त्या नाण्याबद्दल तुला काही आठवतं का? फोटोवाल्याकडे नेलं होतंस तेव्हा काही झालं होतं का?

तुझी,
शेपूट


८ मार्च, शनिवार

दादा,

तुझं उत्तर यायची वाट न बघता लिहितेय.

आज ते नाणं मी बाबांना न सांगता पर्समध्ये घातलं आणि भिंगवाल्यांकडे नेलं. बाबा जेवून पडले होते. पाकीट तसंच खोक्यात ठेवलं, आत तेवढ्याच आकाराचं एक बटण घालून, कारण ते येता जाता पाकिटं चाचपून बघतात. या वयात चोरीही मला करावी लागली.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. भिंगवाल्यांनी नाणं कडेने धरलं, उलटंपालटं केलं, काठावरच्या रेघा मोजल्यासारखं करून पाहिलं. मग काट्यावर ठेवलं. मी काउंटरला धरून उभी होते. ते म्हणाले, "हे कुणी बनावट म्हटलं तुम्हाला?"

मी म्हटलं, घरच्यांनी.

"अस्सल आहे ताई. जहाजाचं नाणं एकच वर्ष पाडलं होतं, मी आयुष्यात पाच पाहिली, हे सहावं. वजन तेरा ग्रॅम अठरा. असायला हवं तेरा ग्रॅम वीस. दोन शतांश कमी आहे, ते का, तेही दिसतंय. बघा." आणि त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

जहाजाची तिन्ही शिडं सपाट झालेली. आणि त्यावर बारीक बारीक ओरखडे, सगळे एका दिशेने. दादा, माझा धंदाच घासायचा आहे. ओरखडा कशाचा आहे, हात कुठून कुठे गेला, हे मला कवळीवर बघून सांगता येतं.

"कुणीतरी जीव लावून घासलंय," भिंगवाले म्हणाले. "घासलेलं नाणं पांढरंफटक दिसतं, नक्षी मऊ पडते. ओतून केलेलं बनावट नाणंही अगदी असंच दिसतं. नुसत्या नजरेने बघणारा कुणीही फसेल. काट्यावर ठेवणारा मात्र फसणार नाही."

म्हणजे दादा, तू काहीही केलेलं नव्हतंस. हे तुला माहीतच आहे म्हणा. पण आता पुरावा आहे. कुणीतरी घासलं आणि ते बनावट दिसलं, एवढंच.

घरी येताना मला ती दुपार आठवली, बाबांनी आपल्याला किराणावाल्याकडे नेलं होतं ती. त्याची पाच किलोची मापं बाबांनी जप्त केली होती आणि ती नंतर बरोबर निघाली. खात्याचा नियम होता : चुकीने जप्त केलेलं माप शिपायाकरवी परत पाठवायचं नाही, निरीक्षकाने स्वतः न्यायचं. ज्यांच्यादेखत जप्त केलं त्यांच्यादेखत चूक सांगायची आणि माप ज्याचं आहे त्याच्या हातात द्यायचं. बाबांनी ती मापं स्वतः उचलून नेली, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. बाजारातल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी होती." तू तेव्हा माझ्या कानात म्हणाला होतास, बाबा एकदम राजासारखे दिसतायत. मला ते वाक्य अजून आठवतं.

बाबांना सांगायचं तर कसं सांगायचं, ते कळव. तू सांगशील तसं करेन.

शेपूट


१३ मार्च, गुरुवार

दादा,

तुझं पोस्टकार्ड आलं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही दोनच शब्द. 'कोणी घासलं?'

मी.

मी घासलं, दादा. ते 'कुणीतरी' मीच होते. मागच्या पत्रात तो शब्द लिहिताना पेन दोनदा थांबलं होतं, तरी लिहिला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तू त्याच्या दोन दिवस आधी फोटोवाल्याकडून नाणं परत आणलं होतंस, तीन तास उशिरा, आणि कुठे होतास ते सांगितलं नव्हतंस. (सिनेमाला गेला होतास. तुझ्या खिशात दोन तिकिटं होती. दुसरं कुणाचं, ते मी आजही विचारत नाही, पत्र वहिनीच्या हाती पडलं तर पंचाईत.) टेबलावर पाकीट होतं, बाबांनी ते परत आल्यावर उघडून पाहिलं नव्हतं. घरात कुणी नव्हतं. मी पहिल्यांदा ते उघडलं. आत काळंकुट्ट नाणं. बाबा उद्या हे एवढ्या लोकांना दाखवणार आणि हे असं मळकं! मला वाटलं, आपण चमकवून ठेवावं, बाबा बघतील तेव्हा विचारतील कुणी केलं, आणि मग पुढच्या वेळी मलाही टेबलाशी खुर्ची मिळेल.

दंतमंजन घेतलं, ओलं फडकं घेतलं. शिडांच्या रेघांमधलं काळं निघेना म्हणून भांड्यांची तारेची घासणी घेतली. तासभर घासत होते. शेवटी ते असं झळकायला लागलं की त्यात मला माझं नाक दिसत होतं. पुसून पाकिटात ठेवलं आणि रात्रभर आनंदाने झोप आली नाही.

काळं काढायचं नसतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुला सांगितलं होतं. त्याचा मला अजून राग येतो. पण मी अकरा वर्षांची होते. नंतर काय झालं त्याचा माझ्या घासण्याशी संबंध आहे हे मला कळायला हवं होतं का? मुलांना असलं काही कळतं का?

आता घरातलं सांगते. काल बाबांनी काचेच्या पेटीतल्या कार्डाचा मजकूर मला सांगून लिहून घेतला. ते खुर्चीत, मी टेबलाशी. शेवटी मिळालीच टेबलाशी खुर्ची. ते म्हणाले, "लिही. बनावट नाणे. खुणा : अनैसर्गिक चमक, नक्षी अस्पष्ट. अस्सल नाणे घरातील मुलाने बदलले."

माझं पेन थांबलं.

"थांबलीस का?"

"शाई संपली."

"दुसरं पेन घे."

मी दुसरं पेन घेतलं आणि लिहिलं. माझ्या अक्षरात लिहिलं, दादा. 'घरातील मुलाने बदलले.' तोंड उघडायचं एवढं सोपं काम होतं आणि माझी दातखीळ बसली. दातांचाच धंदा करणारीची.

बाबांनी कार्डावर हात फिरवला आणि विचारलं, "अक्षर मोठं काढलंयस ना? मागच्या रांगेला दिसायला हवं."

दहा दिवस उरलेत.

शेपूट


१८ मार्च, मंगळवार

दादा,

दुसरं पोस्टकार्ड मिळालं. 'बाबांना सांगितलंस?'

नाही.

रोज ठरवते. सकाळी चहाच्या वेळी सांगू, तर ते बातम्या ऐकत असतात. संध्याकाळी सांगू, तर ते भाषणाची तालीम करत असतात. माझ्याच पाठीमागे उभं राहून, हात मागे बांधून, "मंडळी, मुलांवर विश्वास ठेवावा, पण काटा घरात असावा," असं काहीतरी. मी कांदा चिरत असते. डोळ्यांतलं पाणी खपून जातं.

पण तुला आणखी एक सांगायचंय आणि ते तू विचारलेलं नाहीस. तू विचारणार नाहीस, कारण ते तुझ्या मनातही आलं नसेल. मी मागच्या पत्रात लिहिलं की मुलांना असलं काही कळतं का. मला कळलं होतं.

प्रदर्शनाच्याच दिवशी, तिथेच, सभागृहात. बाबांनी पाकीट उघडलं, नाणं चमकलं, आणि ते पहिल्या रांगेतले जाडे काका म्हणाले, "अहो, हे तर नकली आहे, बाजारात या वर्षी अशीच आली आहेत." बाबांचा चेहरा पडला आणि मला क्षणात समजलं की मी काहीतरी बिघडवलंय. चमक माझी होती ना. मग बाबांनी तुला अंगणात ओढत नेलं. मी खांबामागे होते. "कुठे विकलंस? ते तीन तास कुठे होतास?" तू सिनेमाचं बोलेनास. त्यांनी सगळ्यांदेखत तुझ्या तोंडात मारली आणि तुला चोर म्हणाले. तू इकडेतिकडे बघितलंस आणि तुझी नजर माझ्यावर आली. मी खाली बघितलं.

अठरावं लागलं की जहाज तुझं, असं बाबा म्हणायचे. अठरावं लागायच्या आत तू घर सोडलंस.

मला भीती वाटली होती, बस. त्यांचा हात बघितला आणि वाटलं, पुढचा माझ्यावर. घरी आल्यावर मी ते फडकं आपल्या बिस्किटांच्या डब्यात तळाशी लपवलं. म्हणून तो डबा मी काढला नव्हता. वेळ झाला नाही हे खोटं होतं. मी नाणी जमवणं सोडलं ते घरी सांगितलं तसं अभ्यासामुळे नाही आणि आता पुन्हा सुरू केलं तेव्हा नवी वही आणली तीही याच कारणाने. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू आलास, जिन्यात बसून राहिलास, बाबांशी न बोलता निघून गेलास. मी तुला पाण्याचा पेला आणून दिला, तेव्हा सांगता आलं असतं. आपण दोघंच होतो. मी विचारलं, "थंड हवंय का?"

काल मी डबा काढला. झाकण गंजून बसलं होतं, उचकटावं लागलं. फडकं आहे. वाळून पापडासारखं झालंय, त्यावर काळे डाग. नाण्याचे हरवलेले दोन शतांश ग्रॅम.

आणि एक गोष्ट सापडलीय, तिचं काय करायचं ते मला कळत नाही. यादी तपासताना मी पाकिटं परत वाचली. बाबांकडे आणखी दोन बनावट नाणी आहेत. त्या दोन्ही पाकिटांवर वजन लिहिलंय, दशांशासकट, आणि खाली 'तपासले' आणि सही. जहाजाच्या पाकिटावर, ते बनावट ठरल्यावर बाबांनी नव्याने केलेल्या, 'वजन' असं लिहून पुढे रिकामी जागा आहे. सहीही नाही. तीनशे चाळीस पाकिटांत अशी रिकामी जागा फक्त या एकावर आहे.

बाबांनी ते कधी काट्यावर ठेवलंच नाही. वजनमापं खात्यातल्या माणसाने!

परवा मी सुट्टी काढली आहे.

शेपूट


२० मार्च, गुरुवार

दादा,

सांगितलं.

दुपारी बाबा खुर्चीत होते. मी कपाटातून त्यांचा पितळी तराजू काढला आणि टेबलावर ठेवला. पारडं वाजलं. त्यांनी लगेच मान वळवली.

"तराजू कशाला काढलास?"

मी उभ्यानेच बोलले, बसले असते तर पुन्हा राहिलं असतं. "बाबा, जहाजाचं नाणं मी घासलं होतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. दादाने काहीही केलं नाही. नाणं अस्सल आहे."

ते माझ्या कानामागे बघत होते. मग म्हणाले, "कशाने?"

"दंतमंजनाने. आणि तारेच्या घासणीने."

"वय काय होतं तुझं?"

"अकरा."

"अकरा. मग बारा झालीस. वीस झालीस. चाळीस झालीस."

त्यांनी आवाजही चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "आणि तुम्ही? तुम्ही वजन का नाही केलंत? सगळ्या पाकिटांवर वजन आहे, त्या एकावर नाही!"

"ठेव तो तराजू जागेवर."

"नाही ठेवणार."

"ठेव म्हणतो ना!"

"नाही, बाबा."

दादा, जन्मात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबलेले होते. मला वाटलं, आता उठतील आणि मारतील. खरंच वाटलं. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

ते उठले नाहीत. म्हणाले, "त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा तराजू टेबलावरच होता. नाणं खिशात. पाच मिनिटांचं काम. हात पुढे गेला आणि मनात आलं, बरोबर भरलं तर? चार लोकांत पोराला मारलंय मी. बरोबर भरलं तर मला त्याच्यापुढे जाऊन उभं राहावं लागेल. म्हटलं, उद्या बघू. मग तो घर सोडून गेला. मग बरोबर भरलं तर आणखीच कठीण होतं. म्हणून रोज उद्याच बघत राहिलो."

मग त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे."

वजनं त्यांनी स्वतः ठेवली, चिमट्याने, डोळे मिटून. कुठलं वजन कुठल्या खोबणीत असतं ते बोटांना पाठ आहे. नाणं मी दुसऱ्या पारड्यात ठेवलं. "काटा मधे आला की सांग. घाई करू नकोस, थांबू दे त्याला."

मी थांबले. "तेरा ग्रॅम अठरा."

"वीस पाहिजे."

मी ते फडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, नाकाशी नेलं. मग म्हणाले, "आणि आता पगार घेऊन घासतेस."

हा विनोद होता की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. ते उठले, भिंतीला हात लावत खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

जेवायला बाहेर आले, पण माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मी लिहिलेलं ते कार्ड अजून टेबलावर आहे. ते फाड असं म्हणाले नाहीत. रविवारचा कार्यक्रम रद्द असंही म्हणाले नाहीत. लोकांसमोर ते काय बोलणार आहेत हे मला माहीत नाही, दादा, आणि विचारायची माझी हिंमत उरलेली नाही.

शेपूट


२४ मार्च, सोमवार

दादा,

हे पत्र नीट, शेवटपर्यंत वाच. यात गाडीची वेळ आहे.

काल सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. तीन दिवसांतला तो पहिला शब्द. रिक्षात मला म्हणाले, "कार्ड घेतलंस?" मी म्हटलं, घेतलं. ते त्यांनी मागून घेतलं आणि खिशात ठेवलं.

सभागृहात साठएक माणसं होती. ते जाडे काकाही होते, आता चाकांच्या खुर्चीत आणि अजिबात जाडे नाहीत. संग्रहाची खोकी टेबलावर मांडली, टाळ्या झाल्या. मग बाबांना बोलायला सांगितलं. मी त्यांना हात धरून व्यासपीठावर नेलं आणि खाली येऊन पहिल्या रांगेत बसले. त्यांनी खिशातून जहाजाचं नाणं काढलं आणि कार्डही काढलं. कार्ड त्यांनी डोळ्यांशी नेलं. मग त्यांनी ते चार तुकडे करून पुन्हा खिशात ठेवलं.

ते म्हणाले, "छत्तीस वर्षांपूर्वी या सभागृहाच्या अंगणात मी माझ्या मुलाला मारलं आणि चोर म्हटलं. तुमच्यातल्या काहींनी ते पाहिलंय. हे ते नाणं. वजन तेरा ग्रॅम अठरा शतांश. नाणं अस्सल आहे. माझ्या मुलाने काही केलं नव्हतं. मी निरीक्षक होतो आणि मी तपासलं नव्हतं. चूक माझी होती."

किराणावाल्यासमोर म्हणाले होते ते वाक्य. त्याच आवाजात.

मागून कुणीतरी विचारलं, "मग हे असं घासलं कुणी?" बाबा म्हणाले, "माझ्या घरात घासलं गेलं. नाणं कसं हाताळायचं ते मी दोन मुलांपैकी एकालाच शिकवलं होतं. तेव्हा तोही हिशेब माझ्याकडेच."

ते मला वाचवत होते, दादा. मला उठावंच लागलं. उभी राहिले आणि वळून साठ माणसांकडे बघून म्हटलं, "मी घासलं. आणि दादाला मारलं तेव्हा मला ते माहीत होतं. मी गप्प बसले." जाड्या काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी खाली बसले, तेव्हा मला बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं.

सगळा संग्रह मंडळाकडे गेला. जहाज नाही गेलं. ते बाबांच्या खिशात घरी परत आलं. मी म्हटलं, दादाला टपालाने पाठवूया, नोंदणी करून. तर खेकसले, "टपालाने? चुकीने जप्त केलेला माल शिपायाच्या हाती पाठवायचा नसतो. निरीक्षकाने स्वतः न्यायचा असतो. नियम विसरलीस?"

आज सकाळी त्यांनी नवं पाकीट मागितलं. सांगून लिहून घेतील म्हणून मी पेन उघडलं, तर पेन काढून घेतलं. स्वतः लिहिलं, कडेच्या नजरेने, मान वाकडी करून, अर्धा तास. ओळी एकमेकींवर चढल्यात, पण वाचता येतं. जसंच्या तसं उतरवते :

धातू : चांदी.
वजन : १३.१८ ग्रॅम.
दोष : घासलेले.
जप्ती : चुकीची.
मालक : मुलगा. अठरा पूर्ण.

आणि खाली 'तपासले'. आणि सही.

शनिवारी, २९ तारखेला, दुपारी तीन चाळीसच्या गाडीने आम्ही तुझ्या गावात उतरतो. साडेचारपर्यंत तुझ्या दाराशी येऊ. तू फोन उचलत नाहीस म्हणून हो की नाही विचारलेलं नाही. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर बाबा म्हणतात, ते पाकीट हातात धरून पाच मिनिटं थांबतील आणि परत फिरतील, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतील.

आईच्या वहीत तुझा मजला दुसरा लिहिलाय. बाबांना समोरच्या पायऱ्या दिसत नाहीत, ते भिंत चाचपत चढतील, वेळ लागेल. तेवढा जिन्यातला दिवा लावून ठेव.

मी खाली रस्त्यावर थांबेन. लहानपणी तू जाशील तिथे न विचारता मागोमाग यायचे. या वेळी तू खिडकीतून बोलावलंस तरच वर येईन.

शेपूट